घाटात गाडी बसते म्हणून पंप वाढवायचा का?

प्रश्न असा आला आहे: “माझी टाटा १६१३ आहे, २००४ चं मॉडेल. सहा सिलिंडर, टर्बो आहे, इंटरकूलर नाही. डिझेलचा पंप जुना, लाईनचा. कापसाच्या जिनिंगवरून साठ गठाणी भरून नागपूरला नेतो. तळेगावच्या घाटात पहिले तिसऱ्या गिअरवर निघून जात होती, आता दुसऱ्यावरही रडत चढते. एक मिस्त्री म्हणतो, दोन हजारात पंप वाढवून देतो, गाडी उडेल. वाढवू काय? आन् वाढवला तर किती?”

भाऊ, मी पंपाचंच काम करतो. जामच्या चौरस्त्याजवळ वर्कशॉप आहे, पंप किती डिझेल देतो ते मोजायचं कॅलिब्रेशनचं मशीन स्वतःचं आहे, आणि या कामात तीस वर्षं गेली. पंप वाढवतात कसा, हे मी खाली सगळं सांगतो, हातचं काही राखणार नाही. पण तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘पहिले’ हा आहे. पहिले निघत होती. म्हणजे हीच गाडी, हाच पंप, एवढ्याच गठाणी, आणि ताकद पुरत होती. ती ताकद कुठेतरी गळाली. गळती शोधायच्या आधी पंप वाढवणं म्हणजे बुडाला भोक पडलेल्या हौदात मोटर मोठी लावणं.

पंप ताकद तयार करत नाही, तो फक्त डिझेल मोजून देतो. पंप वाढवणं म्हणजे स्क्रू फिरवून ते माप वाढवणं. ताकद जळलेल्या डिझेलातून येते आणि जाळायला हवा लागते. रसायनशास्त्राच्या हिशोबाने एक ग्रॅम डिझेलला साडेचौदा ग्रॅम हवा पुरते, पण डिझेल इंजिनात फवारा आणि हवा इतक्या थोड्या वेळात पूर्ण मिसळत नाहीत. म्हणून प्रत्यक्षात अठरा-वीस ग्रॅम हवा नसेल तर काळा धूर सुरू होतो. तो धूर म्हणजे तुम्ही पैसे मोजून घेतलेलं, न जळलेलं डिझेल.

आता तुमच्या इंजिनाचे आकडे घ्या. बोअर ९७ मिलिमीटर, स्ट्रोक १२८, सहा सिलिंडर मिळून ५६७५ सीसी. बिल्ल्यावरच्या १३ चा अर्थ साधारण १३० घोडे. एवढी ताकद पूर्ण भारावर काढताना असं इंजिन तासाला पंचवीस लिटरच्या आसपास डिझेल पितं. २४०० आरपीएमवर प्रत्येक सिलिंडरला मिनिटाला १२०० फवारे मिळतात. भागाकार केला की एका फवाऱ्यात डिझेल येतं साधारण ५८ घन मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या एका बारक्या दाण्याएवढं. आणि कोणी आठ टक्के पंप वाढवला म्हणतो, तेव्हा त्या तुरीच्या दाण्यात मोहरीचा एक दाणा वाढतो, बस. स्क्रू पाव फिरवला की अर्धा फिरवला, हे कानाने ऐकून ठरवणाऱ्या माणसाच्या हातात मोहरीचा एक दाणा येतो की चार, हे त्यालाही कळत नाही.

म्हणून पहिले गळती शोधू. यात तुमचा एक दिवस जाईल आणि खर्च बहुधा त्या दोन हजारांपेक्षा कमी होईल.

सुरुवात धुरापासून करा. भरलेली गाडी घाटात पूर्ण रेसवर असताना आरशात मागे बघा. गाडी ओढत नाही आणि धूरही नाही, याचा अर्थ इंजिनला डिझेलच कमी मिळतंय. गाडी ओढत नाही आणि काळा धूर सोडते, याचा अर्थ डिझेल पोचतंय पण जळत नाही. मग हवा कमी आहे, नाहीतर इंजेक्टरचा फवारा खराब आहे, नाहीतर टायमिंग मागे आहे, म्हणजे फवारा उशिरा सुटतो. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर असेल तर टायमिंग किंवा कंप्रेशनकडे, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा नीट दाबली जाते का याकडे, बघा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जळतंय, मग पंपाचा विषयच सोडा, आधी इंजिनाकडे बघा. धुराची ही खूण ओळखली की अर्धी वाट तिथेच संपते. काळा धूर सोडणाऱ्या गाडीचा पंप वाढवायला कोणी निघाला, तर त्याच्या हातात किल्ली देऊ नका.

धूर नसेल तर पहिला संशय ॲक्सिलरेटरवर. एका माणसाला कॅबिनमध्ये पाय पूर्ण दाबून बसवा आणि तुम्ही बोनेट उघडून पंपावरचा लिव्हर बघा. तो त्याच्या स्टॉपरला टेकला पाहिजे. हाताने ढकलून अजून सेंटीमीटरभर पुढे जात असेल, तर केबल किंवा रॉडचा जोड झिजला आहे. एक गाडी माझ्याकडे यवतमाळहून आली होती, दोन ठिकाणी पंप उघडून झाला होता. ड्रायव्हरने पायाखाली जाड मॅट टाकली होती आणि पेडल मॅटला अडकत होतं. मॅट काढली, गाडी सुटली. मालकाला राग आला, आनंदही झाला, आणि त्याचं दोन्ही खरं होतं.

दुसरा संशय डिझेलच्या वाटेवर. टाकीतली जाळी, टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाची जाळी, दोन्ही फिल्टर, नळीच्या जोडातल्या बँजो बोल्टचं बारीक भोक. जुन्या टाकीत गंज उतरतो आणि तळाला चॉकलेटी गाळ बसतो. टाकी भरलेली असताना गाडी ठीक चालते, पाव टाकीवर आली की बसते. मालकाला वाटतं डिझेल खराब भरलं. फिल्टरकडून पंपाकडे जाणाऱ्या नळीच्या जागी मी एक हातभर पारदर्शक नळी लावतो, इंजिन चालू करून रेस देतो आणि नुसता बघत उभा राहतो. डिझेल भरीव, स्वच्छ, पिवळसर दिसलं पाहिजे. त्यात साबुदाण्यासारखे बारीक बुडबुडे पळताना दिसले की कुठेतरी हवा ओढली जाते. बहुतेक वेळा फीड पंपाच्या आधीच, कारण तिथे ओढ असते. तिथून डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. जोड बाहेरून कोरडा दिसतो, म्हणून फसगत होते. तांब्याचे वॉशर बदला, नळीचं टोक कापून नव्याने बसवा. पंपाच्या आत डिझेल साठतं त्या गॅलरीत साधारण एक ते दीड किलोचं प्रेशर टिकलं पाहिजे, ते ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग धरून ठेवते. ती मऊ पडली की एलिमेंट, म्हणजे डिझेल दाबणारी प्लंजर-बॅरलची जोडी, पूर्ण भरत नाही आणि घाटात गाडी हळूहळू मान टाकते. तिच्या जागी साधा बोल्ट लावलेल्या गाड्याही मी पाहिल्या आहेत. ते काम बरोबर नाही.

तिसरी जागा तुमच्यासारख्या टर्बोच्या गाडीत हमखास चुकते. काही पंपांच्या गव्हर्नरवर, म्हणजे आरपीएम सांभाळणाऱ्या भागावर, एक चपटी डबी असते आणि तिला इंजिनात हवा नेणाऱ्या इन्टेक मॅनिफोल्डकडून बोटाएवढी नळी येते. आपल्याकडे तिला नुसतं ‘बूस्टची डबी’ म्हणतात. टर्बोने हवा दाबली की डबीतला रबराचा पडदा दबतो आणि रॅकला, म्हणजे डिझेलचं माप वाढवणाऱ्या दांड्याला, पुढे जायची परवानगी मिळते. हवा नाही तर जास्त डिझेल नाही, एवढा शहाणपणा कंपनीने त्यात ठेवलेला आहे. ती नळी तडकली, ढिली झाली किंवा पडदा फाटला, तर टर्बो उत्तम असूनही पंपाला वाटतं की हवा आलीच नाही. धूर नाही, आवाज स्वच्छ, आणि गाडीत जीव नाही. नळी काढा, तोंडाने फुंकून बघा. पडदा फाटला असेल तर फुंकर निघून जाते. तुमच्या पंपावर अशी डबी असेल तर बाकी कशालाही हात लावण्याआधी हे बघा.

आता धूर काळा असेल तर. आपल्या भागात याचं एक कारण असं आहे की पुण्या-मुंबईच्या मिस्त्रीला ते सुचणार नाही. तुम्ही जिनिंगच्या आवारात गाडी तासन् तास उभी करता, बरेचदा इंजिन चालू ठेवून. तिथे हवेत रुई उडते. ती एअर फिल्टरच्या तोंडाला गादीसारखी बसते आणि रेडिएटरच्या जाळीत आतून भरते. फिल्टर बाहेरून बघितला तर ठीक वाटतो, बोट घातलं की बोळा निघतो. मार्चमध्ये हंगाम संपल्यावर आलेल्या एका गाडीच्या रेडिएटरमधून मी एवढी रुई काढली होती की लहान मुलाची उशी भरली असती. कोळसा वाहणाऱ्या वणी-घुग्घुसच्या गाड्यांना हेच दुखणं कोळशाच्या पुडीने होतं. फिल्टर झटकून परत लावतात, झटकताना तो फाटतो आणि पूड सरळ टर्बोच्या पंख्यावर जाते. फिल्टर बदला. झटकायचाच असेल तर आतून बाहेर हवा मारा, प्रेशर कमी ठेवून.

त्यात ऊन. जानेवारीच्या सकाळी १५ अंशांत जी हवा सिलिंडरमध्ये जाते, तीच मे महिन्याच्या दुपारी ४५ अंशांत गेली तर वजनाने नऊ-दहा टक्के कमी भरते. पंप मात्र तुरीचा दाणा तेवढाच देतो. म्हणून उन्हाळ्यात गाडी मंद वाटते आणि धूर जास्त दिसतो. हा बिघाड नाही, आपल्या हवामानाचा भाग आहे. जो मिस्त्री हिवाळ्यात, सकाळी, रिकाम्या गाडीवर पंप सेट करतो, त्याचं सेटिंग मे महिन्यात, दुपारी, साठ गठाणींखाली काय करेल याचा विचार तुम्हीच करा.

मग टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतचा रबरी होज बघा. क्लिप ढिली असेल तर तिथे तेलकट काजळी दिसते आणि रेसला शिट्टी वाजते. टर्बोचा पंखा हाताने फिरवून बघा, घासतो का. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर त्याची झडप अर्धी अडकलेली तर नाही? ती गंजून अडकते आणि इंजिनाचा गळाच धरते. मागची चाकं जॅकवर घेऊन हाताने फिरवा. ब्रेक लायनर घासत असेल तर ड्रम चटका देण्याइतका तापतो आणि आपण दोष पंपाला देतो. क्लच सुटतो का, तेही बघा. घाटात इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी चढत नाही, हे क्लचचं लक्षण आहे.

इंजेक्टर सहाही काढून हँडपंपाच्या टेस्टरवर लावा. कंपनीने सांगितलेल्या प्रेशरला उघडले पाहिजेत, फवारा धुक्यासारखा बारीक, सगळ्या भोकांतून सारखा, आणि फवारा उडताना ‘चर्र’ असा कोरडा आवाज. नोझलच्या टोकाला थेंब लटकला तर ते नोझल टिपकतं. तो थेंब पिस्टनच्या डोक्यावर पडून जळतो. या थेंबाबद्दल मला एक गोष्ट सांगायचीच आहे.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली. तेव्हा माझ्याकडे मशीन नव्हतं, कान होता आणि त्या कानाचा अभिमान होता. मे महिना होता. वणीकडचा एक कोळशाचा गाडीमालक आला, म्हणाला, “भाऊ, थोडा पंप वाढवून दे न.” चार एकर कोरडवाहू आणि ती एक गाडी, एवढंच त्याच्याकडे होतं. मी गाडीवरच सील तोडलं, लोडचा स्क्रू दीड फेरा दिला, रेस मारली, काळा लोट बघितला आणि म्हणालो, झाली तयार. तो आठ दिवसांनी पेढे घेऊन आला. तीन आठवड्यांनी गाडी टोचन करून आली. हेड उघडलं तर चार नंबरच्या पिस्टनच्या डोक्याला जुन्या चार आण्याएवढं भोक. कडा वितळलेल्या मेणासारख्या, आणि लायनरवर ॲल्युमिनियमचे शिंतोडे डाग दिल्यासारखे चिकटलेले. त्या सिलिंडरचं नोझल टिपकत होतं आणि मी ते तपासलंच नव्हतं. टिपकणाऱ्या नोझलवर मी दीड फेरा डिझेल वाढवलं. मजुरी मी घेतली नाही, पण सामान त्याला भरावंच लागलं आणि कापणीच्या आधी त्याने ते पैसे कसे उभे केले हे मला माहीत आहे. तो पिस्टन अजून माझ्या फळीवर आहे. कोणी नुसता स्क्रू फिरवून मागितला की मी तो त्याच्या हातात देतो.

हे सगळं तपासून झालं, गाडी पूर्वीसारखी झाली नाही, तर पंप काढा आणि मशीनवर लावा. इथे पंप वाढवणं आणि पंप कंपनीच्या मापावर आणून बसवणं यातला फरक कळतो. मशीनवर पंप ठरलेल्या आरपीएमवर फिरवतात, हजार स्ट्रोक मोजतात, सहा लाईनचं तेल सहा काचांमध्ये पडतं. तुरीचा दाणा हजारदा पडला की काचेत साधारण ५८ मिली दिसायला हवं. तुमच्या पंपाचा नेमका आकडा पंपाच्या पत्र्यावरच्या नंबरवरून टेस्ट-चार्टमध्ये बघतात, माझा ५८ हा समजावण्यापुरता आहे. जुन्या पंपाच्या काचा बघण्यासारख्या असतात. एका काचेत ६३, दुसरीत ५१, तिसरीत ५७. ६३ वाली लाईन धूर काढते, ५१ वाली ओढत नाही, आणि ड्रायव्हरला वाटतं पंप एकाच वेळी जास्तही देतो आणि कमीही. त्याला वाटतं ते खरंच असतं. सहाही काचा दोन-तीन टक्क्यांच्या आत सारख्या केल्या, एवढंच केलं, तरी कितीतरी गाड्या घाटात एक गिअर वर चढतात. नवीन काही दिलं नाही, फक्त सहा बैलांना सारखं ओढायला लावलं.

एलिमेंट झिजलेले असतील तर बदलावेच लागतात. प्लंजर आणि बॅरलमधली फट दोन-तीन मायक्रॉन असते आणि त्यांना वंगण दुसरं कोणतंच नाही, डिझेलच वंगण. म्हणून रॉकेल मिसळलेलं स्वस्त डिझेल भरणाऱ्यांचे पंप लवकर जातात. झिजलेला एलिमेंट रेसला निभावतो, पण कमी आरपीएमवर, म्हणजे नेमका घाटात गाडी दबते तेव्हा, तेल मागे गळू देतो. तो स्क्रूने भरून काढता येत नाही. स्क्रूने वरच्या आरपीएमचं तेल वाढतं, खालचं गळतच राहतं. सपाट रस्त्यावर धूर आणि घाटात पुन्हा तेच रडगाणं.

आता वाढवण्याचं सांगतो, कारण तुम्ही ते विचारलंत.

पंपावर हात लावण्याच्या चार जागा आहेत. पहिली, फुल लोडचा स्टॉपर, जो रॅक जास्तीत जास्त किती पुढे जाईल हे ठरवतो. खरी वाढ इथे होते. दुसरी, बूस्टच्या डबीची स्प्रिंग. ती किती हवेला किती डिझेल सोडायचं ते ठरवते. ती ढिली केली की डिझेल लवकर सुटतं, गाडी उचलताना ताजी वाटते आणि मागे काळा ढग राहतो. शेवटची ताकद तेवढीच. तिसरी, टायमिंग. ते एक-दोन अंश पुढे घेतलं की आवाज कडक होतो, ओढ थोडी वाढल्यासारखी वाटते, पण सिलिंडरमधलं प्रेशर वाढतं, हेड गॅस्केट आणि बेअरिंग सोसतात. टायमिंग कंपनीने प्लेटवर लिहिलंय तिथेच ठेवा. पंपाच्या तोंडाला बाकदार नळी लावून डिझेल वाहायचं कुठे थांबतं ते, म्हणजे स्पिल, बघून मिळवा, पुढे नाही, मागे नाही. मागे राहिलं तर धूर आणि जास्त गरम एक्झॉस्ट. टायमिंग गिअर झिजल्याने किंवा कपलिंगचे बोल्ट सरकल्याने ते मागे गेलेलं असतं, हेही खूप वेळा सापडतं. चौथी जागा म्हणजे गव्हर्नरचा वरच्या आरपीएमचा बोल्ट, आणि त्याला कोणीही हात लावू नये. त्याने ताकद येत नाही, फक्त इंजिन जास्त पळतं. घाट उतरताना गाडी इंजिनला ढकलते तेव्हा आधीच आरपीएम चढलेला असतो. त्यावर हा बोल्ट वाढवलेला असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतात आणि कनेक्टिंग रॉड ब्लॉकमधून बाहेर येतो. ‘गाडी उडेल’ म्हणणारे बरेचदा हाच बोल्ट फिरवतात, कारण रिकाम्या गाडीत मालकाला लगेच फरक दिसतो.

मी किती वाढवतो? इंजिन चांगलं असेल, कंप्रेशन सारखं, ब्लो-बाय नाही (म्हणजे पिस्टनच्या बाजूने गॅस खाली गळत नाही), इंजेक्टर नवीन किंवा तपासलेले, टर्बो आणि रेडिएटर साफ, तर टर्बोच्या इंजिनात चार्टच्या वर पाच टक्के. फार तर आठ. बिनटर्बोच्या गाडीत शून्य, कारण तिच्याकडे जास्तीची हवाच नाही. ती आधीच धुराच्या काठावर चालते. आणि वाढवलं तर टर्बोच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये एक्झॉस्टच्या तापमानाचा मीटर बसवायचा, त्याचा काटा ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर. लांब चढावर ६५० अंशांच्या आत चालवायचं, ७०० ला शिवला की पाय उचलायचा, गिअर खाली घ्यायचा. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि पिस्टनचं मिश्रण त्याच्याही आधी मऊ पडतं. पिस्टन वाचतो तो फक्त खालून येणारं ऑईल आणि बाजूचं पाणी त्याची उष्णता वाहून नेतात म्हणून. पाण्याचा काटा हे सांगत नाही. तो हलेपर्यंत पिस्टनचं झालेलं असतं.

हे करून मिळतं किती, तेही ऐका. तुमची गाडी मालासकट सोळा टन धरू. साठ गठाणी म्हणजे १७० किलोच्या हिशोबाने १०,२०० किलो, तेव्हा हे बरोबरच आहे. शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर सोळा टन ओढायला १३० घोड्यांचं धडधाकट इंजिन, गिअर-क्राऊनमध्ये जाणारा दहावा हिस्सा सोडून, ताशी सुमारे ३४ किलोमीटर वेग देईल. ताकद दहा टक्के वाढवली तर ३७. समजा असा चढ चार किलोमीटरचा आहे. पहिल्या वेगाने सात मिनिटं, दुसऱ्याने साडेसहा. एका घाटात अर्धा मिनिट. तुमची गाडी आज दुसऱ्यावर रडते म्हणजे ती ३४ नाही, वीसच्या खाली चढते. तेवढ्या वेगाला याच चढावर सत्तर-पंच्याहत्तर घोडे पुरतात, म्हणजे जवळजवळ निम्मी ताकद कुठेतरी गेलेली आहे. आठ टक्क्यांनी ती परत येत नाही. ती परत येते बुडबुडे बंद करून, रुई काढून, नोझल बदलून, सहा काचा सारख्या करून.

कायद्याचंही सांगून ठेवतो, कारण दंड मिस्त्री भरत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या नोंदीत बसत नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जुन्या डिझेल गाड्यांना पीयूसीमध्ये धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट आहे. कानाने वाढवलेला पंप ती सहज ओलांडतो. आणि पंप वाढला की हात गठाणी वाढवायलाही शिवशिवतो. ओव्हरलोडला २०१९ च्या दुरुस्तीपासून २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जास्तीच्या टनाला २,००० आहेत. चार्टपर्यंत पंप आणणं यात काहीच बेकायदा नाही. म्हणूनही मी आधी तिथेच थांबायला सांगतो.

तुमच्या भावाची नवीन गाडी असेल आणि तो हे वाचत असेल तर त्याच्यासाठी एवढंच: एप्रिल २०१७ नंतरच्या बीएस-४ आणि एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ ट्रकांना यातलं बरंच काही लागू नाही. तिथे डिझेलचा हिशोब कॉम्प्युटर करतो आणि सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या पाईपमध्ये, म्हणजे रेलमध्ये, हजार किलोच्या कितीतरी वर प्रेशर असतं. चालू इंजिनात त्या पाईपचा नट ढिला करायला जाऊ नका, सुईसारखी धार कातडीत शिरते आणि बोट कापायची वेळ येते.

तुम्ही असं करा. पुढच्या भरलेल्या खेपेला घाटात धूर बघून ठेवा. मग रविवारी गाडी रिकामी असताना ॲक्सिलरेटर, जाळ्या-फिल्टर, पारदर्शक नळी आणि बूस्टची डबी, एवढं गावातल्या मिस्त्रीसोबत बघून घ्या. एअर फिल्टर नवीन टाका, रेडिएटर आतून हवा मारून साफ करा. मग साठ गठाणी भरूनच घाट चढा आणि कोणता गिअर, काट्यावर किती आरपीएम, धूर कोणता, हे तिथेच लिहून ठेवा. तरी दुसऱ्यावरच चढली तर पंप आणि सहाही इंजेक्टर घेऊन मशीन असलेल्या कोणाकडेही जा, माझ्याकडेच आलं पाहिजे असं नाही. पंपाच्या पत्र्यावरचा नंबर सोबत लिहून न्या, आणि खोलायच्या आधी पंप मशीनवर लावून सहा काचा तुमच्या डोळ्यांसमोर भरायला सांगा. सुधारल्यावर पुन्हा एकदा भरायला सांगा. दोन्ही वेळचे आकडे कागदावर घ्या. त्या कागदाला जो मिस्त्री नाही म्हणेल, त्याच्याकडून पंप उचला आणि पुढच्याकडे जा.